‘बाधित’ कोण, ‘अवलंबित’ कोण? गोव्यातील खाणगावांच्या पैशांची पार्श्वभूमी

डिचोली, सत्तरी किंवा सांगे तालुक्यात ‘कंपनीने गावाला काय दिले?’ असे विचारले की तीन वेगळे पैसे एकाच दमात सांगितले जातात: शेतीची नुकसानी (भरपाई), जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी (खाणबाधितांसाठी रॉयल्टीच्या प्रमाणात जमा होणारा) आणि सीएसआर (कंपनीने नफ्यातून करायचा सामाजिक खर्च). तिन्हींचा उगम वेगळा, हक्कदार वेगळे, नियमही वेगळे. त्यांची सरमिसळ झाली की तोटा गावाचाच होतो, म्हणून ती कशी झाली हे पाहायला हवे.

गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेत, खाजन (खाडीकाठच्या बांधबंदिस्त) शेतीचे बांध आणि मानशी (पाणी अडवणारी दारे) यांची डागडुजी गावाच्या सामाईक उत्पन्नातून होई व उरलेल्यातून गावकारांना वाटा मिळे. खाणींचा हिशेब तसा कधीच नव्हता. पोर्तुगीज राजवटीच्या १९०६ च्या हुकुमाखाली खाणपरवाने दिले गेले, १९४० च्या दशकाच्या अखेरीस लोहखनिजाची निर्यात सुरू झाली आणि १९८७ च्या कायद्याने त्या परवान्यांचे लीजमध्ये रूपांतर झाले. परवानाधारकाने गावाला अमुक इतके द्यावे, असे बंधन या काळात नव्हते. मंदिराचा सभामंडप, फुटबॉल स्पर्धा, उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर यांवर खर्च होई तो कंपनीच्या मर्जीने. शेतात माती आली तर हंगामापुरती ‘नुकसानी’ मिळे आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. विहीर आटण्याचे कारण खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेल्याने चालणारे पंप असले, तरी टँकर पाठवणे हा उपकार ठरे.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा उत्खननाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या. पुढे एप्रिल २०१४ या एका महिन्यात दोन गोष्टी घडल्या. १ एप्रिलला सीएसआरची तरतूद लागू झाली आणि २१ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने जुनी लीजेस २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्याचे ठरवले, वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली व विक्रीच्या १० टक्के रक्कम कायम निधीत ठेवायला सांगितली. हा निधी पुढच्या पिढ्यांसाठी आहे, आजच्या गटारासाठी किंवा शाळेच्या छपरासाठी नाही.

सीएसआर कोणाला लागू, तर आदल्या वर्षी नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी काहीही एक गाठणाऱ्या कंपनीला. खर्च मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. सरासरी नफा १० कोटी असेल तर २० लाख. खाण बंद पडून नफा आटला की हा आकडाही उतरत जातो आणि गावाला गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच शून्यावर येऊ शकतो. कायद्यात ‘स्थानिक क्षेत्राला प्राधान्य’ असे शब्द आहेत, पण ते दिशादर्शक असल्याचा खुलासा केंद्राने २०२१ मध्ये केला. त्यामुळे गावावर हा पैसा येईलच, अशी हमी कायदा देत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ मात्र एका शब्दाने घातला: ‘बाधित’. २०१२ नंतर ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले, खानावळवाले यांचे उत्पन्न एका रात्रीत थांबले. ट्रकच्या कर्जाचे हप्ते थकले, आणि ते खरे संकट होते. त्यांच्यासाठी ‘खाण अवलंबित’ हा शब्द रुळला. पण कर्जसवलतीच्या सरकारी योजनेत त्याच लोकांना ‘खाणबाधित कर्जदार’ म्हटले गेले. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली, तीही ‘खाणकामाने बाधित’ व्यक्ती आणि क्षेत्रांसाठी. म्हणजे खाण बंद झाल्याने ज्याचे नुकसान झाले तो बाधित, आणि खाण चालू असल्याने ज्याचे नुकसान झाले तोही बाधित. ‘बाधितांना न्याय द्या’ ही एकच मागणी दोन उलट अर्थांनी होत राहिली. अनेक घरांत एक भाऊ ट्रकवर, दुसरा शेतात. त्यामुळे हा फरक बोलून दाखवणेही अवघड.

कायद्याचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. प्रतिष्ठानचा पैसा पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांसाठी, खाणीची झळ पोचणाऱ्यांसाठी आहे. जमिनीवर मालकी नसली तरी वहिवाटीचा किंवा व्यवसायाचा हक्क असलेले त्यात मोडतात. गोव्यात हे महत्त्वाचे, कारण एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) कुळाची नोंद नसली की नुकसानी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, हातात जाते आणि चिखल उपसणारा कूळ रिकामा राहतो.

आकड्यांचेही तसेच. लोहखनिजाची रॉयल्टी, म्हणजे खनिजामागे सरकारला द्यायची रक्कम, सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के. समजा ते मूल्य टनाला २,००० रुपये, तर रॉयल्टी ३०० रुपये. जुन्या लीजवर प्रतिष्ठानला रॉयल्टीच्या ३० टक्के, म्हणजे ९० रुपये मिळत. २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून उत्खनन पुन्हा थांबले. नंतर लिलाव झाले. लिलावातल्या लीजवर हा वाटा १० टक्के, म्हणजे ३० रुपये. लिलावाचा प्रीमियम, म्हणजे बोलीतून ठरलेली जादा रक्कम, राज्याच्या तिजोरीत जातो. गावाच्या निधीत टनामागे पूर्वीच्या एक तृतीयांशच पडतात, आणि या घसरणीवर झाली त्याहून कितीतरी जास्त चर्चा व्हायला हवी होती. शिवाय प्रतिष्ठानच्या आराखड्याला ग्रामसभेची सक्तीची मंजुरी फक्त अनुसूचित (घटनेने ठरवलेल्या आदिवासी) क्षेत्रात लागते, आणि गोव्यात तसे क्षेत्रच नाही.

सरमिसळ कुठे पकडायची, तर गाळाच्या कामात. गोव्यात १ टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. या मातीच्या ढिगाच्या, म्हणजे डंपच्या, पायथ्याला भिंत, भोवती चर आणि चराच्या शेवटी गाळ बसण्याचा खड्डा अशी रचना असते. खड्डा जूनआधी उपसला नाही तर तो पहिल्या पावसांतच भरतो आणि बारीक लाल माती व्हाळातून (ओढ्यातून) थेट शेतात उतरते. ती सुकली की कठीण पापुद्रा धरते आणि भाताची मुळे गुदमरतात. चर आणि खड्डे राखणे, रस्त्यावर पाणी मारणे, ट्रकवर ताडपत्री घालणे या पर्यावरण परवान्याच्या अटी आहेत. कायद्याने आधीच बंधनकारक असलेले काम सीएसआर धरता येत नाही, असे नियमच सांगतात. मंजूर सीएसआर प्रकल्प कंपनीने संकेतस्थळावर जाहीर करायचे असतात. त्या यादीत खाणीखालच्या व्हाळाचा गाळ उपसणे दिसले, तर ती माती कुठल्या डंपची आणि तिथला खड्डा मे महिन्यात उपसला होता का, हे पंचायतीने लेखी विचारावे.