साठ की आठ?

गेल्या दिवाळीच्या आधी मामांना घेऊन बेळगावातल्या खासबागच्या बाजारात गेलो होतो. दोडक्याचा भाव विचारला. बाई म्हणाल्या, "साठ." मामांनी शांतपणे दहाची नोट काढून दिली आणि दोन रुपये परत मिळायची वाट बघत उभे राहिले. त्यांना "आठ" ऐकू आलं होतं. बाई हसल्या, मीही हसलो, मामा मात्र वैतागले. "लोकं अलीकडं तोंडातल्या तोंडात बोलतात," असं त्यांचं पक्कं मत आहे. वडगावात त्यांचं घर, घराला लागूनच यंत्रमागाची शेड, आणि त्या शेडमध्ये गेलेली चाळीस वर्षं. कमी ऐकू येतं का असं विचारलेलं त्यांना खपत नाही. त्यांचंही खोटं नाही, कारण आवाज त्यांना येतो. हाक मारली की वळतात, ट्रक गेलेला कळतो, दाराची कडी वाजलेली कळते. कळत नाहीत ते शब्द. "काय म्हणूलास?" एवढंच दिवसभर चालू असतं.

साठमधला नेमका "स"च का गळाला?

आपल्या बोलण्यात स्वर दणकट असतात आणि व्यंजनं नाजूक. आ, ओ, ऊ यांचा जोर साधारण हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, आसपास किंवा त्याखाली असतो. बोलण्याचा मोठेपणा आपल्याला जाणवतो तो या स्वरांमुळे. "स"ची सळसळ मात्र चार हजार हर्ट्झच्या वरची, आणि ताकदीला अगदी किरकोळ. श, फ, च, त हीसुद्धा उंच पट्टीतली मंडळी. आता कानाने फक्त उंच पट्टी गमावली तर काय उरेल? "साठ"चं "आठ" होईल. पाठ, काठ, गाठ यांतलं काय म्हटलं ते ओठांकडे बघून ठरवावं लागेल. नातवाचा बारीक आवाज तर आणखी अवघड. म्हणून मामांना टीव्ही मोठा लागतो, आणि मोठा करूनही समजत नाही ते नाहीच. स्वर अजून मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात.

उंच पट्टीच आधी का जाते, हे कळायला कानाच्या आत शिरावं लागतं. तिथे हरभऱ्याच्या दाण्याएवढी, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. ती द्रवाने भरलेली असते आणि तिच्यात रांगेने केसपेशी, म्हणजे डोक्यावर बारीक तंतू असलेल्या आवाज टिपणाऱ्या पेशी, उभ्या असतात. जन्मताना एका कानात या पेशी पंधरा-सोळा हजार. ही फार थोडकी पुंजी आहे. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात. शंखाच्या दारापाशी उंच पट्टीचे आवाज टिपले जातात, आत आत जावं तसे खालच्या पट्टीचे. त्यात कानाची बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. बासरीची जशी एक पट्टी ठरलेली असते, तशी तिचीही आहे. तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती स्वतःच वाढवून आत सोडते. त्याचा तडाखा बसतो तो थोडा वरच्या पट्टीला, चार हजार हर्ट्झपाशी. म्हणून गोंगाटात काम करणाऱ्या माणसाच्या श्रवणचाचणीचा आलेख काढला तर बरोबर तिथे एक खड्डा दिसतो. ईएनटीचे डॉक्टर तो खड्डा बघून पहिला प्रश्न विचारतात, "काम काय करता?"

आपल्या भाषेने यातला फरक फार पूर्वी ओळखला आहे. कानठळ्या बसणं वेगळं आणि कानाला दडे बसणं वेगळं. दिवाळीत सुतळी बॉम्ब कानाशी फुटला की कानठळ्या. पाळी संपवून शेडच्या बाहेर आल्यावर सगळं जग कापसात गुंडाळल्यासारखं वाटतं, ते दडे. खानापूरकडे भाताचं शिवार वाऱ्या-पावसाने आडवं झालेलं पाहिलंय ना? उघडीप मिळाली की बरंचसं भात पुन्हा मान वर काढतं. केसपेशींवरच्या बारीक तंतूंचं तसंच होतं. दिवसभराच्या आवाजाने ते लोळतात, रात्रभराच्या शांततेत उभे राहतात, सकाळी दडे सुटलेले असतात. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. काही ताटं मुळातून मोडतात, आणि मोडलेलं ताट उभं राहत नाही.

"सकाळपर्यंत सुटतं की," हा सगळ्या शेडमधला दिलासा. त्यालाही २००९ मध्ये धक्का बसला. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण केसपेशी आणि मेंदूकडे जाणारी मज्जातंतूंची टोकं यांच्यामधले सांधे मात्र काही भागांत निम्म्याच्या आसपास कायमचे तुटले होते. शांत खोलीतल्या चाचणीत असं नुकसान दिसत नाही. माणसातही हेच घडत असेल तर चाचणी साफ येऊनही लग्नाच्या मांडवात समोरच्याचं बोलणं का निसटतं, याचा उलगडा होतो.

मोडलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात. १९८० च्या दशकात कोंबडीच्या पिलांवर हे दिसून आलं तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले होते. यात गंमत अशी, की उन्हाळ्यात "टुक टुक" करत बसणाऱ्या तांबट पक्ष्याला त्याचं नाव ज्या तांबटाच्या हातोडीवरून मिळालं, तो माणूस तांबट मात्र बहिरेपणासाठी जुन्या वैद्यकाला ठाऊक होता. इटलीतला वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी याने १७१३ मध्ये व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय, की दिवसभराच्या ठोक्यांनी त्यांचे कान बिघडतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. पुढे १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टराने बॉयलर बनवणारे, ओतकाम करणारे आणि टपाल वाटणारे असे शंभर-शंभर लोक तपासले. साधन काय, तर खिशातलं घड्याळ. त्याची टिकटिक किती लांबून ऐकू येते, एवढंच बघायचं. बॉयलरवाल्या शंभरात एकाचाही कान धड निघाला नाही. म्हणजे हा शोध काही कालचा नव्हे.

आता शेडमधलं गणित. आवाजाचा मोठेपणा डेसिबलमध्ये मोजतात, पण ती साधी मोजपट्टी नाही. ती दहाने चढली की आवाजाची ऊर्जा दहापट होते, तीनने चढली की दुप्पट. समजा एक माग ९२ डेसिबलचा. शेजारी दुसरा तसाच सुरू केला तर १८४ होत नाहीत, ९५ होतात. चार मागांचे ९८, आठांचे १०१. आकडा बघून वाटतं, फारसं काही वाढलं नाही. कानावर मात्र आठपट मारा झालेला असतो. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाणायचं, तिथे थांबवायचं, पुन्हा उलट हाणायचं, हे मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा. वर पत्रा, बाजूला बोडक्या भिंती, खाली फरशी. आवाज जाणार कुठे?

आपल्याकडच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली होती. ९५ ला चार तास, १०० ला दोन. जगात बऱ्याच ठिकाणी ८५ हीच आठ तासांची मर्यादा मानतात, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं. यंत्र नसलं तरी अंदाज घेता येतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ ओलांडलेले आहेत, असं समजावं.

हे फक्त मागवाल्यांचं नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रींत साचा फोडताना, ओतीव मालाची कड ग्राइंडरने काढताना, हवेच्या पाइपने अंगावरची माती झाडताना होणारा आवाज मागाला मागे टाकतो. तिथे वाळूच्या धुळीने छातीचं जे होतं तो वेगळा आणि जास्त भयंकर विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. कारखान्यांत छातीवर बिल्ले लागतात, शपथ होते. त्याच्या आदल्याच दिवशी, ३ मार्चला, जागतिक श्रवण दिन असतो. ३/३ ही तारीख निवडली तीच मुळी आकड्यांचा आकार दोन कानांसारखा दिसतो म्हणून. इतके शेजारी असूनही या दोन दिवसांची कधी गाठ पडलेली मी तरी पाहिली नाही. बोट तुटलं तर रक्त येतं, धावपळ होते, नोंद होते. कान वीस वर्षांत हळूहळू जातो आणि तो गेल्याचं जाणाऱ्यालाही कळत नाही. कायद्याला मात्र तो ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता, २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यातही तो व्यवसायजन्य रोग होता. अडचण वेगळीच आहे. जुन्या कायद्याला विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार लागत, नव्या संहितेने ते वीस केले. मामांच्या शेडमध्ये मामा, मामी, माझा मामेभाऊ आणि एक कामगार. त्यांच्यासाठी कोणताच इन्स्पेक्टर यायचा नाही.

मग काय करायचं ते घरातच. मामेभावाने आधी कानात कापूस घालून बघितला. साध्या कापसाने जेमतेम पाच-सात डेसिबल अडतात. फोमचे बोळे मात्र नीट बसले तर चांगले पंचवीस-तीस अडवतात, आणि मिळतात वडापावाच्या भावात. नीट बसले तर, हे महत्त्वाचं. बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. आपलाच आवाज रांजणात बोलल्यासारखा वाटला की समजावं, बसला. बहुतेक जण नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि "उपयोग नाही" म्हणून फेकून देतात.

दुसरी फसगत आणखी मोठी. ३० डेसिबल अडवणारा बोळा आठ तासांतले चार तासच घातला तर संरक्षण निम्मं, म्हणजे १५ मिळेल असं वाटतं. मिळतं ३. उघड्या कानाने घालवलेल्या चार तासांत निम्मी ऊर्जा आत शिरलेलीच असते, आणि निम्मं म्हणजे तीन डेसिबल. पाऊण तासच काढून ठेवला तरी फायदा दहाच्या फारसा वर जात नाही. फोन आला, चहा आला, गिऱ्हाईक आलं, की शेडच्या बाहेर जाऊन मगच बोळे काढायचे.

मामांचा आक्षेप होता, "बोळं घातल्यावर माग बिघडला तर कळणार कसा? आम्ही कानानं माग चालवतो." आक्षेप खरा आहे. धोट्याला हाणणारा पिकर ढिला झाला, धागा तुटला, हे विणकर आवाजावरूनच ओळखतो. पण कान धड असलेल्या माणसाला एवढ्या गोंगाटात बोळे घालून उलट जास्त नीट फरक कळतो; डोळे दिपवणाऱ्या उन्हात काळा चष्मा घातल्यावर दिसतं तसं. मामांसारखा कान आधीच गेलेला असेल तर मात्र अडचण होते, हे मान्य करायला हवं. त्यांनी बोळे घातले नाहीत. मामेभावाने घातले.

खरं तर बोळा हा शेवटचा उपाय. आधी आवाजच कमी करायचा. झिजलेले पिकर बदलायचे, ढिले नटबोल्ट आवळायचे, मागाच्या पायांखाली रबराच्या जाड पट्ट्या घालायच्या. तीन-चार डेसिबल जरी उतरले तरी मारा निम्मा होतो. कुणी म्हणालं, भिंतींना बारदान लावा, आवाज शोषून घेतं. शोषतं खरं, पण त्यात कापसाचा भुगा साचतो, आणि एका ठिणगीचं काम होतं. ते नको. छताला आणि भिंतीला लावायचंच तर न जळणाऱ्या दगडी लोकरीचे फलक लावावेत.

मामेभावाने सुट्टीनंतरच्या सकाळी, माग सुरू करायच्या आधी, श्रवणचाचणी करून घेतली. दडे बसलेल्या कानाने गेलं तर चाचणी खोटी येते, म्हणून असं. चाळिशीही न गाठलेल्या माणसाच्या आलेखात चार हजारांपाशी छोटासा खड्डा आहेच. खड्डा बुजणार नाही, वाढू द्यायचा नाही एवढंच हातात आहे.

घराचं काय, हा प्रश्न उरला होता. माणूस पाळी संपवून बाहेर पडतो, घर कुठे पडतं? शेडच्या भिंतीला लागूनच पोरांचा अभ्यास, तिथेच मामींचं कांड्या भरायचं मशीन. मामेभावाने मधल्या चौकटीला जाड दार बसवलं, खालच्या फटीला रबर लावलं. मामींनी आपलं मशीन स्वतःहून मागच्या पडवीत नेलं. डेसिबलचं व्याख्यान मी त्यांनाही दिलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात राहिलं असेल असं वाटत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की शेडपाशी बसून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नव्हत्या आणि आठवड्यातून दोनदा डाळ करपत होती.