घामाने टॅटू उतरत नाही, मग कोकणात पावसाळा का टाळायचा?

किनाऱ्यावर टॅटूबद्दल दोन समजुती सर्रास ऐकू येतात. एक, घामाच्या नि पावसाच्या दिवसांत टॅटू काढला तर रंग उतरतो. दुसरी, खारं पाणी जखमेला चांगलं, समुद्रात डुबकी मारली की टॅटू लवकर सुकतो. पहिलीत निदान धोका नाही. दुसरी जिवावर बेतू शकते.

आधी रंगाचं बघू. दंडावर बाह्यत्वचा जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असते आणि ती सतत झडून नवी येत राहते. टॅटूची सुई तिच्या खाली, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल, आंतरत्वचेत शाई सोडते. शाई पडताच शरीर तिला परकी समजतं आणि महाभक्षी पेशी धावून येतात. जंतू गिळून पचवणं हे या पेशींचं काम, पण शाईचे कण त्यांना पचत नाहीत. मग कण पोटात घेऊन त्या तिथेच बसून राहतात. म्हणजे टॅटू दिसतो तो या पेशींच्या पोटातून! या पेशी आयुष्यभर जगतात असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवी शाई गोंदली आणि नंतर त्या जागेतल्या महाभक्षी पेशी मुद्दाम मारून टाकल्या. पेशी मेल्या, शाई मोकळी झाली, पण फार लांब गेली नाही. नव्याने आलेल्या पेशींनी तीच शाई जागच्या जागी पुन्हा गिळली आणि टॅटू होता तसाच राहिला. ऐंशी वर्षांच्या आजींच्या हातावरचं गोंदण अजून ओळखू येतं ते या अखंड हस्तांतरामुळे. थोडे कण लसिकाग्रंथींकडे, म्हणजे जंतू गाळणाऱ्या गाठींकडे, वाहून जातात, थोडे आजूबाजूला सरकतात, म्हणून कडा पुसट होतात. पेशीच्या पोटातली शाई घाम धुऊन नेऊ शकत नाही.

मग ऋतू बघायचा तो कशासाठी? तर वरच्या जखमेसाठी. सुईने पाडलेली हजारो भोकं वरून बुजायला 2 ते 4 आठवडे लागतात. जुलैत रत्नागिरी-मालवणकडे हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ 85 टक्क्यांच्या वर असते. घाम उडून जात नाही, त्वचा ओलसर राहून फुगते, खपली नरम पडते आणि बनियनला किंवा ओढणीला चिकटते. ती ओढली गेली की आत नीट न बसलेली शाईही तिच्यासोबत निघते आणि तिथे फिका ठिपका राहतो. ‘पावसात रंग उतरला’ म्हणतात तो हा. त्यात गजकर्णाची बुरशीही याच दिवसांत बळावते.

भातलावणीला उतरणाऱ्यांनी तर पायावर ताजा टॅटू अजिबात घेऊ नये. उंदरांच्या मूत्रातून चिखलात आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू फुटलेल्या त्वचेतूनच शिरतात, आणि सिंधुदुर्गाला लेप्टो नवा नाही.

आता खारं पाणी. जखम धुवायचं सलाइन 0.9 टक्के मिठाचं आणि निर्जंतुक असतं. समुद्राचं पाणी सुमारे 3.5 टक्के खारं आणि जंतूंनी भरलेलं. कोमट समुद्रात आणि खाडीच्या मचूळ पाण्यात व्हिब्रिओ कुळातले जंतू वाढतात. अमेरिकेत टॅटू काढल्यावर पाचव्या दिवशी समुद्रात पोहलेला एक माणूस व्हिब्रिओ व्हल्निफिकसच्या संसर्गाने दगावला. 2017 साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्याचं यकृत आधीच खराब होतं, आणि अशांनाच हा जंतू सर्वात घातक ठरतो. मासे साफ करणाऱ्यांनीही जखम भरेपर्यंत हात जपावा.

एप्रिल-मेमध्ये घामासोबत ऊनही असतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात शून्य सावलीचे दिवस येतात, म्हणजे सूर्य थेट डोक्यावर. अतिनील किरणांनी लाल-पिवळ्या रंगांचे रेणू तुटतात. काळा त्या मानाने टिकतो. ताज्या जखमेवर सनस्क्रीन लावायचं नसतं, सैल सुती बाही हाच उपाय. जखम भरल्यावर मात्र एसपीएफ 30 किंवा जास्तीचं लावा.

म्हणून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. अमावास्येला गोंदलं तर पिकतं, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. टॅटू पिकतो तो मळक्या सुईने, दूषित शाईने आणि न धुतलेल्या हाताने. सुई आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. शाई पातळ करायला नळाचं पाणी घेत असतील तर उठून या.

घरी हात धुऊन मगच टॅटूला हात लावा. दिवसातून दोन-तीनदा बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा, टिपकागदाने टिपा, चोळू नका. विहिरीचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं वापरा. मलम इतकं पातळ लावा की त्वचा नुसती ओलसर दिसेल; थर जाड झाला की खाली घाम साचतो. हळद नि टूथपेस्ट दूर ठेवा. पारदर्शक पट्टी लावली असेल आणि तिच्या कडेतून पाणी झिरपू लागलं, तर ती लगेच काढा. लाली टॅटूबाहेर पसरू लागली, पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शिमग्याला पालखी नाचवताना टॅटू दाखवायचा असेल तर सणाच्या तारखेपासून निदान सहा आठवडे मागे मोजा. घाम, गुलाल आणि गर्दीतली घासाघीस यांच्या आधी त्वचा पूर्ण भरलेली हवी.