गायबगळा गोचिडांसाठी म्हशीमागे फिरत नाही

पंचगंगेकाठी म्हैस चरते, मागोमाग पांढरा बगळा. ‘गोचीड खातोय,’ असं आपण लहानपणापासून ऐकलंय. एखादा गोचीड, एखादी माशी तो टिपतोही. पण त्याची नजर बहुतेक वेळ खाली, म्हशीच्या खुरांपाशी असते. पाय पडला की गवतातून नाकतोडा उडतो आणि बगळ्याची चोच तिथंच पोचते. स्वतः हुडकत फिरण्यापेक्षा कमी पावलांत जास्त भक्ष्य! म्हशीचं यात काही जात नाही, फारसं मिळतही नाही. याला सहभोजिता म्हणतात. ऊस तुटल्यावर रान नांगरणाऱ्या ट्रॅक्टरमागेही हेच बगळे असतात. ट्रॅक्टरला कुठले गोचीड? म्हणून गोठ्यातल्या गोचिडांचा बंदोबस्त बगळ्यावर सोडू नका, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.