डेस्कटॉप संगणकाची वाय-फाय जोडणी

टेबलावर एका जागी राहणाऱ्या संगणकाला तारेऐवजी रेडिओलहरींनी राउटरशी आणि राउटरमार्फत इंटरनेटशी जोडण्याची पद्धत. लॅपटॉप आणि मोबाइल यांत त्यासाठी लागणारे सगळे भाग मुळातच असतात. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) लॅन केबलचे पोर्ट हमखास मिळते, वाय-फाय मिळेलच असे नाही. जुन्या आणि स्वस्त मदरबोर्डांवर ते बहुधा नसतेच. त्यामुळे तीन गोष्टी जमवाव्या लागतात : लहरी पकडणारे व पाठवणारे साधन, ते चालवणारे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर आणि अँटेनाला योग्य जागा. पहिल्या दोन गोष्टींवर लोक पैसा आणि वेळ खर्च करतात. जोडणी सुरळीत चालते की रडतरखडत, हे पुष्कळदा तिसरीवर ठरते.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत विनापरवाना संदेशवहनाला मुभा दिली. दुकानांतली रोकडयंत्रे तारांशिवाय जोडता यावीत म्हणून एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी वेव्हलॅन ही प्रणाली घडवली. तिचे सुरुवातीचे कार्ड संगणकाच्या आयएसए खाचेत बसत असे. बिनतारी जाळ्याचा आरंभ असा टेबलावरच्या यंत्रांपासूनच झाला. याच कंपनीतले व्हिक हेज ज्या समितीचे अध्यक्ष होते तिने आयईईई ८०२.११ हे वाय-फायचे मानक तयार केले. १९९७ मध्ये ते मंजूर झाले तेव्हा वेग सेकंदाला १ ते २ मेगाबिट होता. १९९९ च्या ८०२.११बी मानकाने तो ११ मेगाबिटवर नेला. २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो या नावाने लॅपटॉपच्या संचातच वाय-फाय घातले आणि लॅपटॉप झपाट्याने तारेपासून सुटला. डेस्कटॉप मागे राहिला, कारण त्याच्या पाठीमागे केबल होतीच.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा टेलिफोनची तार मोडेममध्ये जाई, म्हणून संगणक फोनच्या आसपास ठेवला जाई. पुढे बीएसएनएल आणि एमटीएनएल यांच्या तांब्याच्या तारांवरून ब्रॉडबँड आले, तरी मोडेमपासून संगणकापर्यंत केबल कायम होती. घरातले मोबाइल वाढले तसे चित्र बदलले. फायबरची तार दारातून किंवा गॅलरीतून आत येते, म्हणून राउटर बैठकीच्या खोलीत टीव्हीजवळ बसतो, आणि संगणक मात्र आतल्या खोलीत अभ्यासाच्या टेबलावर राहतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत अनेक माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी कार्यालयातले डेस्कटॉप कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले, तेव्हा या दोन खोल्यांमधले अंतर एकदम जाणवू लागले.

साधने : काही विकत घेण्याआधी संगणकाची मागची बाजू पाहावी. लॅन पोर्टच्या आसपास आटे असलेले दोन छोटे सोनेरी खुंट दिसले, तर मदरबोर्डवर वाय-फाय आधीपासून आहे. फक्त अँटेना जोडायच्या राहिल्या आहेत आणि त्या मदरबोर्डच्या खोक्यात पडून असतील. अँटेनाशिवायही राउटर जवळ असेल तर जोडणी कशीबशी होते, त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच कार्डावर असतात व त्याच अँटेना वापरतात, म्हणून अशा संगणकावर ब्लूटूथचा माऊसही अडखळतो.

वाय-फाय नसेल तर सर्वांत सोपे साधन म्हणजे यूएसबी अडॅप्टर, ज्याला दुकानात डोंगल म्हणतात. नखाएवढ्या डोंगलमध्ये अँटेनाही तेवढीच असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते आणि साध्या अँटेनालाही तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास लांबी हवीशी असते. त्याहून आखूड केलेली अँटेना चालते, पण तिची पोच घटते. बाहेर दांडी असलेले अडॅप्टर थोडे बेढब दिसले तरी दूरच्या खोलीत तेच उपयोगी पडते.

कॅबिनेट उघडायची तयारी असेल तर पीसीआय एक्स्प्रेस कार्ड अधिक चांगले. ते सर्वांत आखूड खाचेत बसते, आणि ती खाच भरलेली असेल तर लांब खाचेतही चालते. बारीक कॅबिनेटसाठी कार्डासोबत आखूड पट्टी आली आहे ना, हे घेतानाच पाहावे. कार्डासोबत एक बारीक वायरही येते. ती मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या नऊ पिनांच्या जोडावर लावायची असते. ती न लावल्यास वाय-फाय चालते, पण ब्लूटूथ दिसतच नाही. काही मदरबोर्डांवर एम.२ प्रकारची छोटी खाच असते आणि तिच्यात लॅपटॉपचे कार्ड बसते. इथे फसगत होण्याचा संभव आहे : इंटेलचे एएक्स२०१ कार्ड इंटेलच्याच ठरावीक मदरबोर्डांवर चालते, तर दिसायला तसेच असणारे एएक्स२०० किंवा एएक्स२१० इतरत्रही चालते.

अँटेनाची जागा : कॅबिनेट म्हणजे पत्र्याची पेटी. ती टेबलाखाली, मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवण्याची पद्धत आहे, आणि कार्डाच्या अँटेना नेमक्या त्याच मागच्या बाजूला येतात. एका अंगाला पत्रा, दुसऱ्या अंगाला भिंत आणि मधे वायरींचा गुंता, अशा ठिकाणी महागडे कार्डही हतबल होते. उपाय स्वस्त आहे. लांब वायर व चुंबकी बूड असलेला अँटेनाचा संच मिळतो. तो टेबलावर किंवा कॅबिनेटच्या माथ्यावर ठेवावा. डोंगलसाठी मीटरभर यूएसबी वाढीव वायर घ्यावी.

या वायरीचा आणखी एक फायदा फार थोड्यांना माहीत असतो. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि त्याला लावलेल्या हार्ड डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच विद्युतगोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढले होते. डोंगल आणि पोर्टेबल हार्ड डिस्क शेजारी-शेजारी लावली की फाइल कॉपी होत असताना इंटरनेट अडखळते, त्यामागे हे कारण असू शकते. डोंगल दूर नेले किंवा ५ गिगाहर्ट्झवर जोडले की दोष जातो.

दांडीसारख्या अँटेनाच्या लहरी सगळीकडे सारख्या पसरत नाहीत. दांडीभोवती मेदूवड्याच्या आकाराचे क्षेत्र तयार होते आणि दांडीच्या टोकाच्या दिशेला जोर सर्वांत कमी असतो. राउटर त्याच मजल्यावर असेल तर अँटेना उभी ठेवावी. दुमजली घरात राउटर वर असेल तर दोनपैकी एक आडवी करून पाहावी. भिंतींचा प्रकारही पाहावा. अर्ध्या विटेची भिंत लहरी बऱ्यापैकी सोडते. सळया घातलेले काँक्रीट, कोकण-गोव्यातल्या जुन्या घरांच्या जाड चिरेबंदी भिंती, लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी त्यांना चांगलेच अडवतात. म्हणून संगणक हलवता येत नसेल तर राउटर कपाटामागून काढून उंचावर आणणे हाच पहिला प्रयत्न असावा.

बदलाचा परिणाम मोजून पाहता येतो. संकेताचा जोर डीबीएम या एककात उणे आकड्यांनी सांगतात : उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालावा, उणे ८० ला जोडणी तुटू लागते. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, त्यामुळे आकड्यांतला लहान फरकही मोठा असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘netsh wlan show interfaces’ ही आज्ञा दिली की संकेताची टक्केवारी, चॅनेल आणि जोडणीचा वेग दिसतो. अँटेना हलवून हे आकडे पुन्हा पाहणे, एवढीच चाचणी पुरेशी आहे.

पट्टा कोणता : २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण त्यांच्यात गर्दी असते. या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात, आणि शहरातल्या इमारतीत शेजाऱ्यांचे दहा-पंधरा राउटर त्यांतच दाटीवाटीने बोलत असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा आणि वेग जास्त, भिंतींपलीकडची पोच कमी. एका भिंतीपलीकडे ५, तीन भिंतींपलीकडे २.४ हा ठोकताळा बहुतेक घरांत खरा ठरतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने, तर ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा विस्तृत भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये मसुदा नियम प्रसिद्ध केले. विंडोजच्या संगणकाला ६ गिगाहर्ट्झवर चालण्यासाठी विंडोज ११ आणि डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत दोन्ही लागतात, तेव्हा जुन्या संगणकासाठी त्याचे कार्ड घेण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हर आणि जोडणी : कार्ड बसवताना संगणक बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटण क्षणभर दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड हाताळावे. पुढे बऱ्याचदा विंडोज स्वतःच ड्रायव्हर शोधते. तसे झाले नाही की पेच पडतो : इंटरनेट जोडायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट. यावर सर्वांत जवळचा उपाय मोबाइलचा. तो यूएसबी केबलने संगणकाला जोडून सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केले की संगणकाला तात्पुरते इंटरनेट मिळते. विंडोज ११ नव्याने टाकताना सुरुवातीलाच इंटरनेट मागितले जाते, तिथेही हीच युक्ती कामी येते.

काही डोंगल पहिल्यांदा लावल्यावर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. ते बिघडलेले नसतात. ड्रायव्हर त्यांच्या पोटातच साठवलेला असतो आणि तो टाकल्यावर ते वाय-फायचे रूप घेतात. लिनक्सवर मात्र खरेदीपूर्वी आतली चिप कोणती ते शोधावे. इंटेलच्या आणि मीडियाटेकच्या बऱ्याच चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहेत, तर रिअलटेकच्या कित्येक यूएसबी चिपांसाठी दीर्घकाळ बाहेरून ड्रायव्हर बांधावा लागत असे. एकाच नावाच्या डोंगलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगळी चिप असू शकते. खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा म्हणूनच महत्त्वाचा.

ड्रायव्हर बसला की टास्कबारवरच्या खुणेवर टिचकी मारून आपल्या राउटरचे नाव निवडायचे आणि पासवर्ड द्यायचा. घरातला प्रिंटर किंवा सामायिक फोल्डर वापरायचे असेल तरच जाळे ‘प्रायव्हेट’ ठरवावे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या सामायिक जोडणीवर ‘पब्लिक’च ठेवावे.

सुरक्षा : डब्ल्यूईपी ही वाय-फायवरची माहिती गुप्त ठेवणारी पहिली संकेतन पद्धत २००१ मध्येच फुटली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली. जुने अडॅप्टर डब्ल्यूपीए३ ओळखत नाही. अशा वेळी राउटरची सुरक्षा पूर्ण काढून टाकणे हा घातक मार्ग आहे. डब्ल्यूपीए२ व ३ यांची मिश्र सोय बहुतेक नव्या राउटरांत असते, ती निवडावी. डब्ल्यूपीएसची (पासवर्ड न टाकता राउटरशी जोडण्याच्या सोयीची) पिन पद्धत २०११ मध्ये कमकुवत असल्याचे उघड झाले, ती बंद ठेवावी.

नेहमीचे दोष : मोबाइलला दिसणारे नाव संगणकाला दिसत नसेल तर दोन शक्यता आधी तपासाव्यात. अडॅप्टर एकपट्टी असेल, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झचे, त्याला ५ गिगाहर्ट्झचे नाव कधीच दिसणार नाही. किंवा राउटर १२ वा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर गेला असेल आणि अमेरिकी बाजाराचे नियम पाळणारे अडॅप्टर ते चॅनेल ऐकतच नसेल. जोडणी होते पण पान उघडत नाही आणि संगणकाचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होतो, तेव्हा राउटरकडून संगणकाला आयपी पत्ता मिळालेला नसतो. दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केल्यावर बहुधा तो मिळतो. काही वेळ संगणक नुसता ठेवला की जोडणी जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अडॅप्टरची वीज वाचवण्याची परवानगी काढून घ्यावी. आणि दोष वाय-फायचा की बाहेरच्या सेवेचा हे ठरवायला राउटरच्या पत्त्यावर ‘पिंग’ करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर कसे येते ते पाहावे : राउटर झटपट व सलग उत्तर देत असेल तर कार्ड बदलून काही साधणार नाही, तक्रार सेवा देणाऱ्याकडेच करावी.

पर्याय : घरात जुना राउटर पडलेला असेल आणि त्यात क्लायंट किंवा ब्रिज पद्धत असेल, तर तो मुख्य राउटरशी वाय-फायने जोडून त्याच्या लॅन पोर्टमधून छोटी केबल संगणकाला देता येते. संगणकाला ही साधी केबलची जोडणी वाटते, त्यामुळे वाय-फायचा ड्रायव्हर लागत नाही. फार जुन्या संगणकांसाठी ही सर्वांत निर्धोक वाट आहे. भाड्याचे घर नसेल आणि पट्टीतून किंवा पाइपातून तार नेता येत असेल, तर एका जागी राहणाऱ्या यंत्राला कॅट ६ ची केबलच द्यावी; १०० मीटरपर्यंत ती भिंती, शेजारी, ओव्हन यांपैकी कशालाच जुमानत नाही. मात्र मदरबोर्डचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असेल आणि घरात २०० किंवा ३०० मेगाबिटची सेवा असेल, तर ५ गिगाहर्ट्झचे चांगले कार्ड त्या पोर्टपेक्षा वेगवान ठरते.