कारवान कुत्रीची माजातील निगा (सोलापूर जिल्हा)

कामाची कारवान कुत्री माजावर आल्यापासून माज ओसरून दोन महिने होईपर्यंत तिला राखण्याची, खाऊपिऊ घालण्याची आणि तिच्या तब्येतीवर नजर ठेवण्याची रीत. नजरेने सावज हेरून धावत गाठणारी ही जात कर्नाटकात मुधोळ नावाने ओळखली जाते. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांच्या तिकिटांत तिला स्थान दिले. सोलापूर जिल्ह्यात कर्नाटकाला लागून असलेल्या अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या पट्ट्यात आणि सांगोल्याच्या धनगर वस्त्यांवर ती पूर्वीपासून पाळली जाते. तिचे जुने काम सशाच्या शिकारीचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा ठरली आणि आता ही कुत्री वस्तीची राखण करते, मेंढरांमागे फिरते, उभ्या पिकातून रानडुकरे हुसकावते.

कारवान कुत्री उशिरा वयात येते. पहिला माज साधारण एक ते दीड वर्षाला दिसतो, काहींना दोन वर्षेही लागतात. पुढे सहा ते आठ महिन्यांनी माज येत राहतो आणि घरच्या कुत्रीला त्यासाठी ठरावीक ऋतू लागत नाही. गावातल्या मोकाट कुत्र्यांचे मात्र तसे नाही. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे खेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. पावसाळा सरत आला की टोळकी हिंडू लागतात आणि थंडीच्या तोंडाशी गल्लोगल्ली पिल्ले दिसतात. नेमक्या याच दिवसांत सोलापूरच्या शेतकऱ्याला राखणीची गरज जास्त असते. उडीद काढणीला आलेला असतो, तूर-बाजरी उभी असते, रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर असते. मग ‘दोन दिवस बांधली, पुरे झाले’ म्हणून माजावरची कुत्री परत रानात सोडली जाते. बहुतेक नको असलेली पिल्ले आणि बहुतेक आजार इथून सुरू होतात.

खरी चूक दिवस मोजण्यात होते. माजाचा पहिला टप्पा साधारण नऊ दिवसांचा. निरण (योनीचे बाहेरचे तोंड) सुजते, रक्ताचे थेंब पडतात, नर मागे लागतात, पण कुत्री त्यांना जवळ येऊ देत नाही, दात दाखवते. मालक याच दिवसांत डोळ्यांत तेल घालून पहारा देतो. पुढे रक्त फिके होते, थेंब कमी होतात, आणि माज संपला असे समजून साखळी सुटते. वास्तविक कुत्री नर घेते ती तेव्हाच, आणि हा दुसरा टप्पाही साधारण नऊ दिवस चालतो. कुणाचे दिवस कमी भरतात, कुणाचे जास्त, म्हणून बोटांवर मोजण्यापेक्षा कुत्रीकडे पाहणे बरे. रोज सकाळी पांढऱ्या सुती फडक्याने निरण हलकेच टिपावी. सुरुवातीला डाग गडद लाल उमटतो. पुढे तो मांस धुतलेल्या पाण्यासारखा पाणचट, गुलाबीसर-पिवळसर होतो. घट्ट सुजलेली निरण हाताला मऊ लागू लागते. शेपटीच्या बुडाशी बोटांनी दाबले की कुत्री मागचे पाय रोवून उभी राहते आणि शेपूट एका बाजूला घेते. हे दिसले की पहारा दुप्पट करायचा. निरण पूर्ववत आवळली आणि कुत्री पुन्हा नरांवर गुरगुरू लागली की मगच तिला मोकळी सोडावी. एकंदर तीन आठवडे धरून चालावे, चौथाही हाताशी ठेवावा.

राखायचे म्हणजे साखळीने झाडाला बांधायचे नव्हे. उघड्यावर बांधलेली कुत्री पळू शकत नाही. टोळके तिच्यावर तुटून पडते, नर आपसांत भांडतात, चावे बसतात, आणि पिसाळलेला एखादा त्यात असला तर सगळ्या घराला धोका. चार-पाच फुटांची भिंत कारवानला अडवत नाही, म्हणून वरून बंद असलेली खोली किंवा जाळीचे छत असलेला पिंजराच हवा. नुसत्या पत्र्याखाली कोंडणे मात्र वाईट. सोलापुरात उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. पत्र्यावर कडबा टाकावा, वारा खेळता ठेवावा, पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे. पायांना व्यायाम हवाच, पण पट्ट्याला धरून.

एवढे करूनही नर लागलाच तर दोघे पाठीला पाठ लावून पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत अडकून राहतात. अशा वेळी काठीने मारणे, ओढून सोडवणे हे क्रूर तर आहेच, शिवाय दोघांनाही आतून इजा होते. ती आपोआप सुटतात. एका माजात दोन-तीन नर लागले तर एकाच विणीत वेगवेगळ्या बापांची पिल्ले होतात.

पैदास करायचीच असेल तर पहिला माज सोडून द्यावा. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो या विषाणूंच्या रोगांच्या लसी आणि जंताचे औषध नर लावण्याच्या आधी उरकावे. नुसत्या भाकरी-ताकावर राहिलेल्या कुत्रीला अंडी, मटणाची कापे, डाळ द्यावी. नर नात्यातला नसावा आणि त्याच्या लिंगावरची कातडी मागे सारून नीट पाहिल्याशिवाय त्याला जवळ करू नये. कारण मोकाट कुत्र्यांत संभोगातून पसरणारी गाठ आपल्याकडे सर्रास आढळते. या रोगात गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. निरणेत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लागताच रक्त येणारी गाठ वाढते. मालकाला वाटते माज लांबला. माज ओसरूनही महिनाभर थेंब पडत असतील तर तो माज नव्हे, जनावरांचा दवाखाना गाठावा. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाची आठवड्याला एक अशी चार ते सहा इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्र्या पूर्ण बऱ्या होतात.

माज ‘मोडायचे’ इंजेक्शन मागायला येणारे पुष्कळ असतात. ते टाळावे. प्रोजेस्टेरॉन या मादीच्या संप्रेरकासारख्या (हार्मोनसारख्या) औषधांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. नको असलेला गर्भ पाडायला दिले जाणारे इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक हाडांच्या मगजात रक्त तयार होणेच थांबवू शकते. युरोपात सशांच्या बिळात सोडल्या जाणाऱ्या फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या मादीत हे औषधाशिवायच घडते. तिला नर मिळाला नाही तर माज महिनोन्‌महिने ओसरत नाही आणि स्वतःच्याच इस्ट्रोजेनने मगज सुकून ती रक्तक्षयाने मरू शकते. म्हणून तिकडे नसबंदी केलेला नर सोडतात किंवा संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन माज थांबवतात. कुत्रीचे तसे नाही. नर मिळो न मिळो, तिचा माज आपोआप ओसरतो, आणि तिला राखणे हेच पुरेसे औषध ठरते.

माजानंतरचे दोन महिने मात्र कुणी मोजत नाही. नर न लागलेल्या कुत्रीलाही सहा-आठ आठवड्यांनी आचळे भरून येतात, ती खड्डा उकरते, चिंध्या गोळा करून त्यांना पिल्लासारखे जपते. दूध पिळू नये; पिळले की आणखी येते. दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप आटते. याच काळात गर्भाशयात पू होण्याची भीती असते. कुत्री भरमसाट पाणी पिऊ लागली, खाणे सोडले, ओकली, निरणेतून घाण वासाचा स्राव आला किंवा स्राव नसतानाही पोट तट्ट झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. बहुधा गर्भाशय काढूनच जीव वाचतो.

माळावर कळप फिरवणाऱ्यांची आणखी एक जबाबदारी आहे. सोलापूरच्या गवताळ रानांत, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासही, लांडगे आहेत. लांडगा आणि कुत्रा यांची संतती होऊ शकते. पुण्याजवळ असा संकर जनुकीय तपासणीत आढळला आहे. माजावरची कुत्री मेंढरांमागे माळावर नेणे त्यामुळे मालकाच्या आणि लांडग्यांच्या, दोघांच्याही नुकसानीचे.

पिल्ले नकोच असतील तर माज ओसरल्यावर तीनेक महिन्यांनी शस्त्रक्रिया करून घ्यावी. राखणीच्या कामात तिने काही फरक पडत नाही. फक्त कारवानच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे थायोपेन्टोनसारख्या भुलीतून ती फार उशिरा शुद्धीवर येते. टेबलावर घेण्याआधी जात डॉक्टरांना सांगावी आणि दुसऱ्या भुलीबद्दल विचारावे.