औटघटकेचा

औटघटकेचा (-ची, -चे) : फार थोडा काळ टिकणाऱ्या गोष्टीसाठी, त्यातही मुख्यतः सत्ता, अधिकार, मानमरातब आणि वैभव यांच्यासाठी मराठीत योजले जाणारे विशेषण. ‘औट’ म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे ज्यातला चौथा अर्धाच आहे ते, या कल्पनेवरून बनलेल्या प्राकृत ‘अद्धुट्ठ’ या संख्यावाचकापासून तो मराठीत आला. अहोरात्राच्या साठाव्या भागाला घटका म्हणतात. तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडले की ते भरून बुडेपर्यंत एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, होते. त्या हिशेबाने औट घटका म्हणजे ८४ मिनिटे. वापरात मात्र हे माप कोणी धरत नाही आणि काही महिने टिकलेले पदही औटघटकेचे ठरू शकते.

औट हा आकडा आता सुटा फारसा ऐकू येत नाही. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांच्या जोडीला साडेतीनचा पाढा ‘औटकी’ म्हणून पाठ करून घेत, आणि संतवाङ्मयात साडेतीन हातांच्या मानवी देहाला ‘औट हात’ म्हटले आहे. खेळातल्या ‘आउट’शी या शब्दाचे काही नाते नाही.

अर्थच्छटा नेमकी आहे आणि ती जपायला हवी. दव, बुडबुडा, देह हे क्षणभंगुर. नियतकालिक किंवा कीटक अल्पजीवी. पण ‘औटघटकेचे राज्य’ म्हणताना मिळालेले थोरपण पुरते भोगायच्या आत हातचे गेले, हा भाव येतो. म्हणूनच दवाला औटघटकेचे म्हटले तर ते कानाला खटकते. ‘हंगामी’ याहून वेगळा. मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर नोव्हेंबर १९६३ मध्ये पी. के. सावंत मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबरच्या आरंभी वसंतराव नाईकांनी सूत्रे घेतली. ती व्यवस्था मुळातच तात्पुरती असल्याने हंगामी होय. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेऊन २६ नोव्हेंबरला राजीनामा देणारे देवेंद्र फडणवीस यांचे सरकार टिकण्याच्या अपेक्षेने स्थापन झाले होते, म्हणून त्याला औटघटकेचे हेच विशेषण लागू पडते.