पार्श्वभूमी : ‘सरसकट तपासणी का होत नाही?’

मुंबईत कर्करोगतज्ज्ञ, संशोधक किंवा आरोग्यधोरणाशी संबंधित मंडळी कॅमेऱ्यासमोर किंवा मंचावर बसली, की एक प्रश्न हमखास येतो : आजार वेळेत सापडला तर बरा होतो म्हणता, मग सरसकट सगळ्यांची तपासणी का होत नाही? डॉक्टर उत्तर देतात. त्यात ‘आपल्याला परवडणारी पद्धत’ येते, ‘मुंबईतच झालेला अभ्यास’ येतो, ‘मृत्यू तीस टक्क्यांनी घटले’ हेही येते आणि बोलणे औषधांच्या किमतीकडे किंवा गुटख्याकडे वळते. तो अभ्यास कुठे झाला, कोणावर झाला, त्यावरून एवढा वाद का पेटला, हे बहुतेक वेळा राहूनच जाते. हे टिपण मुख्यतः त्यासाठी.

जुना भाग थोडक्यात. परळचे टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे रुग्णालय १९४१ चे. एका उद्योगपती घराण्याच्या विश्वस्त निधीतून ते उभे राहिले, १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, शहरात कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही सुरू झाली. देशातली ही पहिलीच. बार्शीला ग्रामीण भागाची अशी नोंदवही १९८७ मध्ये निघाली. मुंबईच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग मागे पडला आणि स्तनाचा पुढे गेला, असे आज डॉक्टर छातीठोकपणे सांगतात, ते या नोंदींच्या जोरावर.

कर्करोगाचे डॉक्टर ओपीडीतून बाहेर पडून चारचौघांत बोलू लागले ते तंबाखूमुळे. तोंडाच्या कर्करोगाचे तरुण रुग्ण रोज टेबलासमोर येत होते, आणि जबडा काढून जीव वाचवण्यापलीकडे शल्यचिकित्सकाच्या हातात फारसे काही नव्हते. महाराष्ट्राने गुटख्यावर २००२ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली. ती सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. त्यानंतर काही डॉक्टरांनी रुग्णांनाच सोबत नेऊन मंत्र्यांसमोर बसवायला सुरुवात केली. बोलता न येणारा पंचविशीतला मुलगा समोर बसला, की आकडेवारीची फाईल उघडायची गरज उरत नाही. पाकिटावर चित्ररूप इशारा २००९ मध्ये आला, २०१६ मध्ये त्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. अन्नसुरक्षा कायद्याच्या २०११ च्या नियमांनी अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटिन मिसळायला मनाई केली आणि त्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्यात पुन्हा बंदी आली. ती एकेका वर्षाची, दरवर्षी वाढवायची. पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या विकून टपरीवाल्यांनी ती कशी निकामी केली, हे कुठल्याही स्टेशनबाहेर उभे राहिलेल्याला ठाऊक आहे.

आता मूळ विषय.

साल १९९८. गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी श्रीमंत देशांत पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणे, कित्येक दशके रुळलेली होती. ती इथल्या कोट्यवधी बायकांपर्यंत न्यायची, तर स्लाइड वाचणारे तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि बाईने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणे, यातले काहीच धड जमणारे नव्हते. पर्याय म्हणून एक साधी पद्धत पुढे आली. चार टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्या ताकदीचे, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि दिव्याच्या प्रखर उजेडात बघायचे. पेशी बिघडलेल्या असतील तिथे पांढरट चट्टा उमटतो. बघणारी बाई डॉक्टर असायलाही नको. या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून तयार केले होते. निकाल जागच्या जागी, त्यामुळे ‘रिपोर्टला पुढच्या आठवड्यात या’ हा प्रकार नाही. ज्या बाईला धुणीभांड्याच्या कामावर एक खाडा परवडत नाही, तिच्यासाठी ही फार मोठी गोष्ट.

या पद्धतीने मृत्यू खरेच कमी होतात का, हे बघायला परळच्या रुग्णालयाच्या संशोधकांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांचे २० गट निवडले. दहा गटांत तपासणी, दहा गट तुलनेसाठी. कोणता गट कुठे जाणार, हे यादृच्छिक निवडीने ठरले. वय ३५ ते ६४. दोन्हीकडे मिळून सुमारे दीड लाख बायका. तपासणीच्या गटात दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. गर्भाशयमुखासोबत स्तनांची हाताने तपासणीही होती. तुलनेच्या गटात कर्करोगाची लक्षणे, कारणे यांची माहिती एकदा दिली गेली आणि पुढे त्यांच्यात कोणाला आजार झाला, कोण दगावले, याची नोंद होत राहिली. तपासणी मात्र झाली नाही. पैसा अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेकडून येत होता.

जून २०१३ मध्ये शिकागोच्या मोठ्या परिषदेत मुख्य सभेत निकाल वाचला गेला : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. पद्धत देशभर नेली तर वर्षाला २२ हजार मृत्यू टळतील, असा अंदाज मांडला गेला. वस्तीत केलेल्या कामाचे तिथे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. घाटकोपर, मानखुर्दसारख्या दाट वस्त्या माहीत असलेल्याला कळेल, की घर बदलणाऱ्या, गावी जाणाऱ्या, पाण्याच्या वेळेत अडकलेल्या हजारो बायकांचा माग वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे काय. बोलावलेल्या बायकांपैकी बहुसंख्य आल्यादेखील.

कौतुकापाठोपाठ दुसरा सूर उमटला. मुंबईतूनच निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात २०१४ मध्ये सविस्तर टीका आली. पाश्चात्त्य देशांत तपासणीने मृत्यू घटतात हे माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातले मृत्यू मोजायचे, हे कोणत्या तर्कात बसते? तुलना पॅपशी करता आली असती, एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) शोधणाऱ्या चाचणीशी करता आली असती. अमेरिकेत अशा अभ्यासाला परवानगी मिळाली असती का? तिथल्या नियामक कार्यालयानेही संमतीच्या मुद्द्यावर बोट ठेवले : तपासणीचे इतर मार्ग उपलब्ध आहेत, ही माहिती सहभागी बायकांना पुरेशी दिली गेली नव्हती.

संशोधकांची बाजूही नीट ऐकायला हवी. त्या वस्त्यांत सरकारी तपासणी कार्यक्रम नव्हताच. त्यामुळे तुलनेच्या गटाकडून काही काढून घेतले गेले नाही. व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू कमी होतात, हे १९९८ मध्ये सिद्ध झालेले नव्हते. तुलना नसती, तर निकालावर कोणत्याही सरकारने विश्वास ठेवला नसता. निकालानंतर तुलनेच्या गटालाही तपासणी देऊ असे त्यांनी जाहीर केले. यातले पहिले दोन मुद्दे मला पटतात. तिसरा अर्धाच पटतो, कारण सरकारे निकालानंतरही फारशी हलली नाहीत.

संमतीचा मुद्दा मात्र मला कशानेच खोडता येत नाही. तुलनेच्या गटातल्या बाईला लक्षणे सांगितली गेली : पांढरे जाणे, अंगावरून अवेळी रक्त जाणे. पण लक्षण दिसेपर्यंत बऱ्याचदा आजार पुढे गेलेला असतो. लक्षण नसतानाही बघून घेता येते, मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात जाऊन तपासणी मागता येते, हे तिला स्पष्ट शब्दांत कळायला हवे होते. ते ऐकून काही जणी गेल्या असत्या आणि अभ्यासाच्या आकड्यांत थोडी गडबड झाली असती. तेवढी गडबड सोसायला हवी होती असे माझे मत आहे. मुलाखत घेणाऱ्यांनी ३१ टक्क्यांबद्दल विचारताना याबद्दलही विचारावे. इतक्या वर्षांनंतर अनेक डॉक्टर त्यावर मोकळेपणाने बोलू शकतील.

याच सुमाराचा मराठवाड्यातला अभ्यास त्या मानाने कमी चर्चेत राहिला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांमध्ये पॅप, व्हिनेगर आणि एचपीव्ही चाचणी यांची तुलना झाली. तिथेही एक गट तपासणीविना होता. २००९ मध्ये आलेल्या निकालात एचपीव्ही चाचणी एकदाच केली तरी मृत्यू ठळकपणे घटल्याचे दिसले, व्हिनेगरने तसे घटले नाहीत. मुंबईत चार फेऱ्या होत्या, तिथे एकच होती. फरकाचे एक कारण ते असू शकते. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही चाचणीलाच प्राधान्य देते.

मुंबईच्या अभ्यासाचा स्तनांबाबतचा निकाल २०२१ मध्ये आला. मुलाखतींत ‘पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी’ हे वाक्य ऐकू येते. ते खरे आहे, पण ते मागाहून केलेल्या उपगटाच्या विश्लेषणातले आहे. सगळ्या वयांच्या बायका धरल्या तर घट १५ टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नव्हती. मॅमोग्राफीशिवाय, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीशिवाय, नुसत्या प्रशिक्षित हातांनी एवढे साधले तरी मोलाचे आहे, म्हणून तर दोन्ही आकडे सोबत सांगायला हवेत.

केंद्राने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. गर्भाशयमुखासाठी पद्धत व्हिनेगरचीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या, गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या बायका निघाल्या १.९ टक्के. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे : पद्धत होती, पुरावा होता, सूचनाही होत्या, कमतरता होती ती चट्टा दिसल्यावर त्या बाईला पुढच्या उपचारापर्यंत हाताला धरून नेणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या पगाराची.

औषधांच्या किमतीचे प्रकरण वेगळ्या टिपणाचे आहे. इथे एवढेच, की महिन्याला २ लाख ८० हजारांच्या घरातले एक औषध ८,८८० रुपयांना विकण्याचा देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंट असलेल्या कंपनीची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला मिळणारा) मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्याच पेटंट कार्यालयातून निघाला. पवईच्या आयआयटीतल्या संशोधनातून आलेल्या, रुग्णाच्याच पेशींत बदल करून त्या कर्करोगावर सोडणाऱ्या पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशापेक्षा तो बराच स्वस्त, तरी लाखांच्याच घरात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये परळच्याच संशोधकांची शंभर रुपयांची गोळी कर्करोग पुन्हा होणे रोखेल, अशी बातमी वाहिन्यांवर झळकली. पुरावा मुख्यतः उंदरांवरचा होता आणि इतर कर्करोगतज्ज्ञांनी ते लगेच बोलून दाखवले. नातेवाईक मात्र गोळी कुठे मिळते ते विचारत राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा आजार कडुलिंब, हळद आणि आहाराने गेल्याचे सांगितले, तेव्हा परळच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी सह्या करून निवेदन काढले : शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो यांना विलंब लावू नका.

आता बोलणे एचपीव्हीच्या लसीवर आले आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली, भारतीय बनावटीची लसही आली. ज्यांचे ते वय केव्हाच मागे पडले, त्यांच्यासाठी तपासणी हाच मार्ग आहे. १.९ टक्के हा आकडा त्यांचा आहे.